ज्येष्ठांचा मोहल्ल्यावरील हक्क

पवित्र कुरआनातील सूरह अर्-रूमच्या ५४ व्या आयतीत मानवी आयुष्याचे तीन टप्पे सांगितले आहेत. अल्लाह माणसाला दुर्बल अवस्थेत निर्माण करतो, त्या दुर्बलतेनंतर त्याला बळ देतो आणि बळानंतर पुन्हा दुर्बलता व पिकलेले केस देतो. यांपैकी पहिल्या दुर्बलतेच्या काळात माणूस सहसा एकटा नसतो. पाळण्याभोवती आई असते, आजी असते, शेजारच्या बायका असतात. बाळ रडले की चार हात पुढे होतात. दुसरी दुर्बलता मात्र आज पुष्कळांच्या वाट्याला बंद दाराआड येत आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांची संख्या १० कोटींहून अधिक होती. आपल्या समाजापुरते पाहायचे, तर रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील अनेक गावांतून कर्ती मुले आखाती देशांत किंवा मुंबईत गेली आहेत आणि मोठ्या घरात दोन वृद्ध जीव उरले आहेत. मराठवाड्यातील तरुण पुण्या-मुंबईची वाट धरतात. शहरातील जुन्या इमारतींना बहुधा लिफ्ट नसते. गुडघे दुखू लागले की चौथ्या मजल्यावरील आजींचा जिना सुटतो आणि जिन्याबरोबर मोहल्लाही सुटतो. अशा कितीतरी घरांत धान्य असते, औषधे असतात, दरमहा पैसेही येतात. उणीव असते ती माणसांची. म्हणून या लेखात एकाच प्रश्नाचा विचार करू : घरी राहणाऱ्या ज्येष्ठाला माणसांची सोबत मिळणे हा त्याचा हक्क आहे काय, आणि असल्यास तो कोणावर आहे?

प्रथम हक्क मुलांवर

सूरह बनी इस्राईलच्या २३ व २४ व्या आयतींत अल्लाहने आपल्या उपासनेच्या आदेशाला लागूनच आई-वडिलांशी सद्वर्तनाचा आदेश दिला आहे. त्यांच्यापैकी एक किंवा दोघेही वार्धक्याला पोहोचले तर त्यांना ‘उफ्’ देखील म्हणू नये, झिडकारू नये, त्यांच्याशी आदराने बोलावे, दयेने व नम्रतेने त्यांच्यापुढे झुकावे आणि त्यांच्यासाठी रहमतीची दुआ करावी, असे तेथे शिकविले आहे. या आयतीत ‘इन्दक’ असा शब्द आला आहे. त्याचा अर्थ ‘तुझ्यापाशी’. वार्धक्याचा उल्लेख अशा जवळिकीच्या शब्दासह झाला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

गरजू आई-वडिलांचा निर्वाहखर्च ऐपत असलेल्या मुलांवर वाजिब आहे, याविषयी हनफी व शाफई हे दोन्ही मजहब सहमत आहेत. मात्र वरील आयतींतील आज्ञा पाहिल्या, तर त्या सर्व बोलण्याच्या व वागण्याच्या आहेत. मनीऑर्डरीने किंवा बँकेतून पैसे पाठवून निर्वाहखर्चाचे कर्तव्य पूर्ण होईल. गोड बोलण्याचे, शांतपणे ऐकून घेण्याचे कर्तव्य पैशाने पूर्ण होत नाही. दूरदेशी असलेल्या मुलाने रोज एका ठरलेल्या वेळी फोन करावा आणि तो ‘औषध घेतले का’ एवढ्यावर संपवू नये. वडिलांना सल्ला विचारावा. आईला गावाची खबर विचारावी. तिची तीच गोष्ट दहाव्यांदा ऐकावी लागली तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकावी.

परंतु काहींना मुले नसतात, काहींची मुले आधीच अल्लाहकडे गेलेली असतात, तर काहींची मुले हजारो कोसांवरून इच्छा असूनही दार ठोठावू शकत नाहीत. सूरह अन्-निसाची ३६ वी आयत आई-वडिलांपाशी थांबत नाही. त्याच वाक्यात पुढे नातेवाईक, अनाथ, गरजू, जवळचा शेजारी, दूरचा शेजारी आणि सोबतीचा माणूस यांच्याशीही चांगले वागण्याची आज्ञा आहे. म्हणजे घराच्या उंबऱ्यापाशी मुलांची जबाबदारी संपत नाही आणि उंबऱ्याच्या बाहेर शेजाऱ्याची जबाबदारी सुरू झालेली असते.

हजरत इत्बान (रजि.) यांच्या घरची नमाज

जमातीची जबाबदारी कशी पार पाडावी, याचा नमुना सहीह बुखारी व सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये आढळतो. हजरत इत्बान बिन मालिक (रजि.) हे बद्रच्या युद्धात सहभागी झालेले अन्सारी सहाबी होते. ते आपल्या लोकांना नमाज पढवीत असत. पुढे त्यांची दृष्टी मंदावली. पाऊस पडला की त्यांच्या घराच्या व मशिदीच्या मधला ओढा भरून वाहू लागे आणि त्यांना मशिदीपर्यंत जाता येईना. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना आपली अडचण सांगितली आणि विनंती केली की, आपण माझ्या घरी येऊन नमाज अदा करावी, म्हणजे ती जागा मी माझ्या नमाजेसाठी ठरवीन. प्रेषितांनी (स.) होकार दिला. दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर ते हजरत अबू बकर (रजि.) यांना सोबत घेऊन इत्बान (रजि.) यांच्या घरी गेले. आत येण्याची परवानगी मागितली. बसण्यापूर्वीच विचारले की, घरातील कोणत्या जागी नमाज व्हावी असे तुम्हाला वाटते? इत्बान (रजि.) यांनी एक कोपरा दाखविला. तेथे प्रेषितांनी (स.) दोन रकअत नमाज पढविली. नंतर घरच्यांनी मांस व पीठ शिजवून केलेला पदार्थ त्यांच्यासाठी तयार केला, त्यांना थांबवून घेतले, आणि वस्तीतील पुष्कळ माणसे त्या घरात जमली.

विद्वानांनी या हदीसमधून नमाजेचे अनेक मसले काढले आहेत. आपल्या विषयापुरते चार बोध घेऊ.

पहिला बोध असा की, सवलत मिळाली म्हणून माणूस जमातीबाहेर गेला असे होत नाही. दृष्टी गेली, ओढा आडवा आला, तरी इत्बान (रजि.) यांचे मन जमातीत होते. शरीअतने वृद्धाला बसून नमाज पढण्याची व रोजा न झेपल्यास फिदया देण्याची सवलत दिली, ती त्याचा भार हलका करण्यासाठी. आपण मात्र पुष्कळदा त्या सवलतीचा अर्थ ‘आता तुम्ही घरीच थांबा’ असा करतो.

दुसरा बोध असा की, जो येऊ शकत नाही त्याच्याकडे जमातीने जावे. मक्का-विजयाच्या वेळीही हेच दिसते. हिजरी सन ८ मध्ये हजरत अबू बकर (रजि.) आपले वृद्ध व अंध वडील अबू कुहाफा यांना प्रेषितांच्या (स.) सेवेत घेऊन आले, तेव्हा या वृद्धाला घरीच का राहू दिले नाही, मीच त्यांच्याकडे गेलो असतो, अशा आशयाचे उद्गार प्रेषितांनी (स.) काढल्याचे मुस्नद अहमदमधील रिवायतीत आहे.

तिसरा बोध परवानगीचा व पसंतीचा आहे. प्रेषितांनी (स.) जागा स्वतः ठरविली नाही, घरमालकाला विचारली. ज्येष्ठाच्या घरी जाऊन ‘हे असे ठेवा, ते तसे करा’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चौथा बोध सर्वांत मोलाचा आहे. त्या दिवशी इत्बान (रजि.) यजमान होते. त्यांच्या घरी नमाज झाली, अन्न शिजले, माणसे जेवली. आधार देण्याच्या नावाखाली आपण ज्येष्ठाला केवळ घेणारा करून टाकतो. त्याच्या हातचा चहा घेणे, त्याच्या घरी बैठक बसविणे, हीदेखील त्याची खिदमत आहे.

न दिसणाऱ्याची चौकशी

प्रेषितांच्या (स.) मशिदीत एक काळी स्त्री झाडलोट करीत असे. काही दिवस ती दिसली नाही, म्हणून त्यांनी चौकशी केली. तिचे निधन झाले असून दफनही झाले आहे, असे सांगण्यात आले. लोकांना ती बाब फारशी महत्त्वाची वाटली नव्हती. मला का कळविले नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारले, तिची कबर दाखवायला सांगितली आणि तेथे जाऊन जनाजाची नमाज अदा केली. हीदेखील बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीस आहे.

आपल्या मोहल्ल्यात मय्यत झाली की दुकाने अर्धी उघडी टाकून माणसे धावतात. खांदा द्यायला चढाओढ लागते. ही चांगली गोष्ट आहे. जनाजाला जाणे हा मुसलमानाचा मुसलमानावरील हक्क आहे. पण त्याच हदीसमध्ये सलामाला उत्तर देणे, आजाऱ्याची अयादत करणे आणि निमंत्रण स्वीकारणे हे हक्कही सांगितले आहेत, आणि ते जिवंत माणसाचे आहेत. ज्या चाचांच्या जनाजाला दोनशे माणसे होती, त्यांच्या दारात मागच्या वर्षभरात किती जण गेले होते, हा हिशेब प्रत्येक जमातीने स्वतःशी करावा. नेहमी पहिल्या सफीत दिसणारे गृहस्थ तीन दिवस दिसले नाहीत, तर चौथ्या दिवसाची वाट कोणी पाहू नये.

नुसती भेट

अम्मा उम्मे ऐमन (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) बालपणी सांभाळले होते. ते त्यांच्या भेटीला जात असत. प्रेषितांच्या (स.) निधनानंतर हजरत अबू बकर (रजि.) हजरत उमर (रजि.) यांना म्हणाले की, चला, प्रेषित (स.) जात असत तसे आपणही उम्मे ऐमन यांना भेटून येऊ. ते दोघे गेले, तेव्हा त्या रडू लागल्या. दोघांनी सांत्वन करताच त्या म्हणाल्या की, अल्लाहपाशी प्रेषितांसाठी (स.) अधिक चांगले आहे हे मी जाणते, आकाशातून येणारी वही आता थांबली, म्हणून मला रडू येते. हे ऐकून ते दोघेही त्यांच्याबरोबर रडले. ही रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे.

खलीफा आणि त्यांचे सर्वांत मोठे सल्लागार राज्यकारभारातून वेळ काढून एका वृद्ध स्त्रीच्या घरी गेले. ते काय घेऊन गेले, याचा उल्लेख रिवायतीत नाही. ते गेले, बसले, तिचे दुःख ऐकले आणि त्यात सहभागी झाले. ‘आता वय झाले, तस्बीह घेऊन बसावे, यांना बैठका कशाला हव्यात?’ असे म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही. उम्मे ऐमन (रजि.) यांच्या इबादतीत काही उणे नव्हते; तरीही त्यांना भेटायला जाणे ही सुन्नत ठरली.

मोहल्ल्याने काय करावे?

या शिकवणीवरून काही सोपी कामे सुचतात. त्यांना मोठा निधी लागत नाही.

एक, जमातीच्या दफ्तरात एक वही ठेवावी. मोहल्ल्यात घरी एकटे किंवा जोडीने राहणारे ज्येष्ठ कोण, त्यांच्या जवळच्या नातेवाइकाचा फोन कोणता, डॉक्टर कोण, एवढे त्यात असावे. ही वही गाजावाजा न करता, संबंधितांच्या संमतीने भरावी.

दोन, भेटीची पाळी लावावी. केरळमध्ये १९९३ साली कोझिकोड येथे वेदनाशामक सेवेची एक संस्था सुरू झाली. त्या कामातून पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यांचे गट उभे राहिले. दीर्घ आजारी माणसांसाठी आठवड्याचे दोन तास देणारे सामान्य लोक त्यांत घेतले गेले. आठवड्याला दोन तास आपल्या तरुणांनाही जड नाहीत. पुरुषांकडे पुरुषांनी, स्त्रियांकडे स्त्रियांनी, दोघादोघांनी जावे. सूरह अन्-नूरमध्ये परवानगीविना घरात न शिरण्याची व ‘परत जा’ म्हटल्यास परत फिरण्याची आज्ञा आहे, तिचे पालन व्हावे.

तीन, भगिनींचा विचार वेगळा करावा. वृद्ध पुरुष निदान असरनंतर मशिदीच्या ओट्यावर टेकतो. वृद्ध स्त्रीला तेवढीही जागा आपल्या बहुतेक गावांत नाही. म्हणून स्त्रियांची साप्ताहिक तालीम आळीपाळीने अशा आजींच्या घरी ठेवावी. त्यांना दार ओलांडता आले नाही, तरी मजलिस त्यांच्या दारात येईल.

चार, मशीद ज्येष्ठांना सोपी करावी. वुजूखान्यात उंच बैठक, पायऱ्यांना कठडा, सफीच्या कडेला खुर्च्या आणि जुम्याला कोणाची तरी रिक्षा किंवा गाडी, इतके पुरेसे आहे. जमातीत दुर्बल, आजारी व वृद्ध असतात म्हणून नमाज हलकी ठेवण्याची आज्ञा आम्हा इमामांना आहे. ती आम्ही विसरू नये.

पाच, ज्येष्ठांकडून काम घ्यावे. मकतबातील मुलांची सूरह ऐकणे, नात्यागोत्याची माहिती सांगणे, नवराबायकोच्या भांडणात समेट घडवणे, ही कामे त्यांच्याइतकी चांगली कोण करील?

सहा, सरकारी सोयी त्यांच्यापर्यंत पोहोचवाव्यात. महाराष्ट्रात २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एस. टी.चा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. मुले सांभाळ करीत नसतील, तर २००७ च्या कायद्यानुसार निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मात्र त्याआधी मोहल्ल्यातील समंजस माणसांनी मध्यस्थी करून पाहावी.

या सर्व कामांत दोन पथ्ये पाळावीत. भेटीचे फोटो काढून मिरवू नयेत. उपकार बोलून दाखविल्याने व दुखविल्याने सदका वाया जातो, अशी ताकीद सूरह अल्-बकराच्या २६४ व्या आयतीत आहे. आणि शेजारचे ज्येष्ठ मुसलमान नसतील, तरी त्यांना वगळू नये. आयतीतील ‘शेजारी’ या शब्दात तेही येतात.

जो आमच्या लहानांवर दया करीत नाही व मोठ्यांचा मान ओळखत नाही तो आमच्यापैकी नाही, अशा अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या आठवड्यात असरची नमाज झाल्यावर घरी परतताना प्रत्येकाने एका बंद दारापाशी थांबून सलाम करावा आणि आतून उत्तर येईपर्यंत थोडे थांबावे. वृद्धाला दारापर्यंत यायला वेळ लागतो.

अल्लाह आपल्या ज्येष्ठांना आरोग्य व ईमानाची दौलत देवो, आपल्याला त्यांचे हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो आणि आपली दुसरी दुर्बलता येईल तेव्हा आपल्या दारातही सलाम करणारी माणसे असोत. आमीन.