उरलेल्या सामानातून तंजावरी चित्र

पेरुंगुडीच्या कचराडेपोला लागूनच पळ्ळीकरणैची पाणथळ आहे. 2022 साली तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. दक्षिण चेन्नईचा कचरा वर्षानुवर्षे तिच्या काठी साचला. त्यात आपली भर नको, म्हणून सुट्टीत मी उरलेल्या हस्तकलेच्या सामानातून भिंतीवरचे चित्र केले.

नमुना तंजावर चित्रांचा घेतला. तंजावरच्या मराठा राजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांनी (1798–1832), या कलेला आश्रय दिला. त्यात फळीवर कापड चिकटवून खडे, खडूच्या भुकटीचा उठाव, सोन्याचा वर्ख आणि रंग वापरतात.

कृती : जाड पुठ्ठ्यावर जुने सुती कापड फेव्हिकॉलने चिकटवा. वाळल्यावर पेन्सिलीने मोर काढा. खडूच्या तुकड्यांची पूड फेव्हिकॉलमध्ये कालवून थर द्या. तो ओला असतानाच उरलेले मणी दाबा. पूर्ण वाळल्यावर सोनेरी कागद चिकटवा, शेवटी रंग भरा.

माझा पहिला थर जाड होता, तो वाळताना तडकला. दुसऱ्यांदा पातळ थर दिले, ते टिकले.

बारीक चमकी मात्र टाळा. ती बहुधा प्लास्टिकची असते आणि हात धुताना पाण्याबरोबर वाहून जाते. मग पाणथळीसाठी केलेले कष्ट फुकट!