लाल मुनिया आणि तिचे आफ्रिकी भावंड

भिलाई-३ ज्या दुर्ग जिल्ह्यात वसले आहे, तो छत्तीसगडच्या मैदानातील धानाचा मुलूख होय. अशा मुलखातील बांधांवरचे गवत आणि तळ्याकाठचा लव्हाळा ही लाल मुनियेला मानवणारी जागा. चिमणीहूनही लहान असा हा पक्षी जेमतेम दहा सेंटिमीटर लांबीचा असतो. गवताचे बी हेच त्याचे मुख्य अन्न. वाळवीसारखे कीटक मिळाले तर तेही तो सोडीत नाही.

पावसाळ्यात नराचा रंग किरमिजी होतो व त्यावर पांढरे ठिपके उमटतात. विणीचा हंगाम सरला की हा साज उतरतो आणि नर मादीसारखाच मळकट तपकिरी दिसू लागतो. मुनियांच्या कुळात पिसाऱ्याचा असा हंगामी बदल विरळाच. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, गवतात दाणा भरू लागला की, ही जोडपी पात्यांचे गोलसर घरटे बांधतात.

लिनियसने १७५८ साली या पक्ष्याला दिलेल्या नावात 'अमंदावा' हा शब्द आहे. तो 'अहमदाबाद' या नावाचा अपभ्रंश होय. कारण पूर्वी पिंजऱ्यातील मुनिया तेथून परदेशी जात. पुढे स्पेन, फिजी अशा दूरदूरच्या देशांत ती रानावनात स्थिरावली, ती या पिंजऱ्यांतूनच.

अमंदावा प्रजातीत तीनच जाती आहेत. लाल मुनिया आशियात दूरवर आढळते, हिरवी मुनिया केवळ भारतात, आणि तिसरी, नारिंगी पोटाची, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात. ही आफ्रिकी मुनिया मोठी चतुर: स्वतः घरटे विणण्यापेक्षा इतर पक्ष्यांनी टाकून दिलेल्या घरट्यातच ती पुष्कळदा संसार थाटते.

तिघींनाही थव्याने राहणे आवडते. एकीने साद घातली की दुसरी उत्तर देते, आणि सारा थवा एकदम उडतो वा उतरतो. ससाण्यापुढे हा एकोपा उपयोगी पडतो. पारध्यापुढे मात्र तोच घातक ठरतो. पिंजऱ्यातील एका मुनियेच्या सादेवर भुलून थवा खाली येतो आणि जाळ्यात सापडतो. १९९०-९१ पासून भारतात देशी पक्ष्यांच्या व्यापारास बंदी आहे. तरीही चोरटी विक्री थांबलेली नाही, आणि हिरवी मुनिया आज संकटग्रस्त गणली जाते याचे एक मोठे कारण हा व्यापारच आहे.