टोनी रोश

टेनिसच्या दुहेरी सामन्यात जाळीजवळ उभ्या असलेल्या खेळाडूस विचार करावयास क्षणाचाही अवधी नसतो. चेंडूचा टप्पा जमिनीवर पडण्यापूर्वीच त्याने तो परतवावयाचा असतो. ह्या फटक्यास व्हॉली म्हणतात. व्हॉली मारण्यात ऑस्ट्रेलियाच्या टोनी रोश यांचा हात धरणारे खेळाडू फार थोडे झाले.

रोश यांचा जन्म 17 मे 1945 रोजी झाला. न्यू साउथ वेल्स प्रांतातील टार्कटा ह्या खेड्यात त्यांचे वडील मांसविक्रीचा धंदा करीत. पुढे जॉन न्यूकम यांच्यासारखा जोडीदार त्यांना लाभला. न्यूकम उजव्या हाताने खेळत, तर रोश डावखुरे. एकाच्या चेंडूचा रोख ओळखावा, तोच दुसऱ्याचा चेंडू उलट्या बाजूस वळे आणि प्रतिपक्षाची तारांबळ उडे. विंबल्डनचे दुहेरीचे अजिंक्यपद ह्या जोडीने पाच वेळा मिळविले. 1966 साली फ्रेंच स्पर्धेत रोश एकेरीतही विजयी झाले.

परंतु ज्या डाव्या हातावर सारी भिस्त, त्यानेच दगा दिला. ऐन उमेदीत खांदा व कोपर दुखावले. एकेरीचे दुसरे मोठे अजिंक्यपद त्यांच्या वाट्यास आले नाही. तरीही 1977 साली सिडनी येथे डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत, वयाच्या 32 व्या वर्षी, त्यांनी इटलीच्या आद्रियानो पानाटा यांस नमविले.

1985 पासून ते इव्हान लेंडल यांस शिकवू लागले. मैदानाच्या मागील रेषेवरून जोरकस फटके मारण्यात लेंडल वाकबगार. जाळीजवळ जाणे मात्र त्यांस मानवत नसे. गवतावर चेंडू फारसा उसळत नाही. म्हणून व्हॉलीवाचून विंबल्डनला निभाव लागणे त्या काळी कठीण होते. रोश यांच्या हाताखाली लेंडल यांनी एकेरीची सात मोठी अजिंक्यपदे मिळविली, पण विंबल्डनचे नाही. 1986 व 1987 साली ते तेथे अंतिम सामन्यात हरले. 1990 साली तर फ्रेंच स्पर्धा सोडून ते गवतावर सराव करीत राहिले. उपान्त्य फेरीत स्टेफान एडबर्ग यांनी त्यांचा पराभव केला. तिशीतल्या अजिंक्यवीराने नवशिक्याप्रमाणे पुन्हा धडे गिरवावेत, ह्यावरून गुरूच्या शब्दाचे वजन कळते!

पुढे पॅट्रिक रॅफ्टर हे त्यांचे शिष्य 1997 व 1998 साली अमेरिकन स्पर्धेत विजयी झाले. 2005 साली रॉजर फेडरर यांनी रोश यांचे मार्गदर्शन घेण्यास आरंभ केला. फेडरर तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होते. लेखी करार झाला नाही; केवळ हस्तांदोलनावर सारे ठरले. मे 2007 पर्यंत हा क्रम चालला. तेवढ्या अवधीत फेडरर यांनी सहा मोठी अजिंक्यपदे जिंकली. त्यांत विंबल्डनची दोन होती.