पॉइंटर कमी आहे, पण फायनान्सला जायचंय!

पाचव्या सेमिस्टरचा रिझल्ट लागला त्या रात्री आमच्या मेसमध्ये दोनच विषय होते. ज्यांचा पॉइंटर आठच्या वर, त्यांचं प्लेसमेंट, आणि बाकीच्यांचं 'आता पुढे काय?' मी दुसऱ्या टेबलावर होते. पाच सेमिस्टरची सरासरी ६.२, त्यात एम-थ्रीची एक केटी (सुटली एकदाची!). आणि स्वप्न काय, तर फायनान्समध्ये मास्टर्स! घरी फोन केला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "अगं, आहेस तिथे आधी नीट मार्क पाड, मग दुसरीकडे जायचं बघ."

राग आला, पण चुकीचं काही म्हणाले नव्हते. मग दोन महिने जमेल तशी माहिती काढली. माझ्यासारखे या कॉलेजात बरेच असणार, म्हणून ती इथे मांडतेय.

त्यांना इंजिनीअर का चालतो?

१९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी ऑप्शनची किंमत काढायचं समीकरण मांडलं. त्यातले व्हेरिएबल बदलले की ते चक्क हीट इक्वेशन होतं, म्हणजे आपण पार्शल डिफरन्शियल इक्वेशनमध्ये सोडवतो तेच! त्याच्याही आधी, १९०० साली, लुई बॅशेलिए या फ्रेंच विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये शेअरबाजाराच्या चढउतारावर गणिताचा प्रबंध लिहिला. आज त्याला या विषयाचा जनक मानतात. गंमत म्हणजे त्या प्रबंधाला सर्वात वरची श्रेणी मिळाली नव्हती.

म्हणून कमी मार्क चांगले असं नाही हं! सांगायचं एवढंच की, गणिताकडे झुकलेल्या फायनान्सच्या कोर्सला इंजिनीअर परका नसतो. ॲडमिशन कमिटीला कमी पॉइंटर दिसला की तिच्या मनात एकच शंका येते: या मुलीला आमचं गणित झेपेल का? आपल्या सगळ्या तयारीने याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं.

आपली मार्कशीट आपणच वाचा

एक कागद घ्या आणि दोन रकाने करा. डावीकडे एम-वन ते एम-फोर, प्रॉबॅबिलिटी, प्रोग्रॅमिंग. उजवीकडे ड्रॉइंग, वर्कशॉप वगैरे बाकी सगळं. मार्क उजवीकडे गेले असतील तर काम सोपं आहे. डावीकडे गेले असतील (माझे तिथेच गेलेत), तर नवीन पुरावा उभा करावा लागेल.

आता थोडं गणित. पाच सेमिस्टर ६.२ आणि उरलेल्या तिन्हीत ८.२ मिळवले, सगळ्यांचे क्रेडिट सारखे धरले, तर शेवटी सरासरी ६.९५ होते. पण परदेशी कोर्सचे फॉर्म साधारण शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत भरायला लागतात. तेव्हा हातात सहाच सेमिस्टरचे मार्क असतात आणि सरासरी येते ६.५३. थोडक्यात काय, तर थर्ड इयरवाल्यांनो, जे काही दाखवायचं ते सहाव्या सेमिस्टरमध्येच! आकडा थोडासाच हलेल, पण आलेख वर जाताना दिसेल.

कुठली दारं उघडी?

एआयसीटीईच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० टक्के. विद्यापीठांची सूत्रं वेगवेगळी असतात, तेव्हा आपल्या विद्यापीठाचं कुठलं ते परीक्षा विभागात विचारून घ्या. कॅटला बसायला ओपनवाल्यांना पदवीला ५० टक्के पुरतात, म्हणजे फॉर्म भरता येतो. पण बऱ्याच आयआयएम कॉल देताना दहावी, बारावी आणि पदवीचेही मार्क मोजतात. त्यामुळे पर्सेंटाईल चांगला येऊनही कॉल न येणं शक्य आहे, ही तयारी ठेवा.

आपल्या राज्यात एमबीए आणि एमएमएसच्या कॅप राउंडची मेरिट लिस्ट मात्र प्रवेश परीक्षेच्या स्कोअरवर लागते. पदवीची अट पूर्ण केली की पॉइंटरचा अडथळा तिथे बराच कमी होतो. मुंबईच्या जमनालाल बजाजमध्ये एमएमएस करताना फायनान्स घेता येतं. तिथे जागा मोजक्या आणि स्पर्धा भयंकर, पण दार बंद नाही.

पुरावा कसा जमवायचा?

१. परदेशातल्या पुष्कळ कोर्सना जीआरई किंवा जीमॅट चालते. जीआरईच्या क्वांटमध्ये १७० पैकी जितके वर जाल तितकं चांगलं. पण क्वांटचं गणित शाळेच्या पातळीचं असतं. त्यामुळे नुसत्या स्कोअरने एम-थ्रीची केटी धुऊन निघत नाही.

२. एनपीटीईएलवर प्रॉबॅबिलिटी किंवा लिनिअर अल्जिब्राचा कोर्स करा आणि सेंटरवर जाऊन परीक्षाही द्या. नुसते व्हिडिओ बघून पुरावा होत नाही. जो विषय मार्कशीटवर कच्चा, तोच पुन्हा करा.

३. सीएफएची पहिली लेव्हल पदवीला २३ महिने किंवा त्याहून कमी उरले असताना देता येते. १८० प्रश्न, दहा विषय. फी भरपूर आहे, तेव्हा घरी बोलूनच ठरवा. कमी खर्चात सुरुवात करायची तर एनआयएसएमच्या परीक्षा आहेत. ही संस्था सेबीने काढलेली आहे.

४. फायनल इयर प्रोजेक्टमध्ये डेटा किंवा सिम्युलेशन असेल असं काहीतरी घ्या. इंटरव्ह्यूमध्ये बोलायला स्वतःचं काम असतं.

एसओपीमध्ये रडू नका

कमी मार्कांवर तीन-चार वाक्यं पुरे: काय झालं, काय बदललं, त्याचा पुरावा काय. सरांनी कमी दिले, होस्टेलला आवाज होता, असलं काही नको. केटी लपवू तर मुळीच नका. ट्रान्सक्रिप्टमध्ये ती दिसते, आणि खोटं उघडं पडलं तर मिळालेली ॲडमिशनही जाते. फॉर्ममध्ये मूळ पॉइंटर मागितला असेल तर मूळच लिहा, आपल्या मनाने चारच्या स्केलवर नेऊ नका.

शिफारसपत्र ज्यांनी आपलं काम पाहिलंय अशा सर-मॅडमकडून घ्या, आणि जाताना मार्कशीट सोबत न्या. मी एम-थ्रीच्या मॅडमकडे गेले तेव्हा घशाला कोरड पडली होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "पत्र देईन, पण आधी प्रॉबॅबिलिटीची परीक्षा पास होऊन दाखव." मला ते पटलं.

आणि एक. 'ॲडमिशनची गॅरंटी' म्हणणाऱ्या एजंटपासून लांब राहा. कर्जावर सही आई-बाबांची असते. कोर्सची फी आणि तिथून निघालेल्यांना मिळालेल्या नोकऱ्या बघूनच यादी करा. यावर्षी जमलं नाही तर दोन वर्षं नोकरी करून पुन्हा अर्ज करणं यात कमीपणा काही नाही.

मला अजून कुठेही ॲडमिशन मिळालेली नाही, तेव्हा हे काही यशोगाथा म्हणून वाचू नका. एनपीटीईएलचा फॉर्म भरलाय आणि बाबांना तारीख सांगून ठेवलीय. कुणाला सोबत अभ्यास करायचा असेल तर रात्री जेवणानंतर मी रीडिंग रूममध्येच असते. फक्त स्वतःची मार्कशीट घेऊन या, दोन रकाने पाडून!