फौजीशी फारकत घेताना

युनिटकडून दर महिन्याला माझ्या खात्यात पडणारी पोटगी नवरा पेन्शनवर आला आणि थांबली. कोणी अडवली नव्हती की कोणी खाल्ली नव्हती. ज्या कायद्याने ती मिळत होती, त्या कायद्याची हद्दच तिथे संपत होती. यवतमाळला लागून असलेल्या आमच्या लोहाऱ्यातल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या लेकी फौजेत दिलेल्या आहेत. संसार मोडायला आला की त्यांच्या आया माझ्याकडे विचारायला येतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नवऱ्याचं नाव घेणार नाही. तो माझ्या मुलीचा बाप आहे.

लष्कर कायदा 1950 चा आहे. त्यातल्या कलम 91 प्रमाणे जवानाच्या पगारातून बायको आणि मुलांच्या पोषणासाठी रक्कम कापता येते; अधिकाऱ्यांसाठी कलम 90 आहे. 2001 च्या आर्मी ऑर्डरने त्याचं प्रमाण ठरवलं: बायकोला पगार-भत्त्यांच्या 22 टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलाला साडेपाच टक्क्यांपर्यंत, आणि सगळं मिळून 33 टक्क्यांच्या वर नाही. त्यासाठी कोर्ट लागत नाही. सीओ साहेबांच्या, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या नावाने साधा अर्ज करायचा, नवरा घरखर्च देत नाही हे लिहायचं, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि बँकेच्या पासबुकाची प्रत जोडायची. नवऱ्याला नोटीस जाते, त्याचं म्हणणं घेतात, मग वरच्या मुख्यालयातून मंजुरी येते. वेळ लागतो, पण ही वाट खरी आहे. माझ्या मुलीची शाळा या पैशांवर चालली.

म्हणूनच घरातले सगळे म्हणत, "पैसे येतातच ना, मग कोर्टाची पायरी कशाला?" इथेच बायका फसतात. कलम 91 फक्त पगाराला लागू आहे. साधा शिपाई चाळिशीच्या आसपास घरी येतो, तेव्हा पगार संपतो आणि त्यासोबत ही कपातही. हातात कोर्टाचा हुकूम नसेल तर त्या दिवसानंतर लगेच मागायला जागा उरत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तेवढ्यात प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, विम्याचे पैसे, विकलेल्या पेन्शनची रक्कम असं सगळं एकदम हाती येतं आणि महिना-दोन महिन्यांत कुठल्यातरी प्लॉटमध्ये जाऊन बसतं. नवरा पेन्शनवर यायच्या आधीच कोर्टात पोटगीचा अर्ज पडलेला असला पाहिजे, हे मी प्रत्येकीला पहिल्यांदा सांगते. पूर्वी हा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली होई. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आहे. घटस्फोट झालेली बाईसुद्धा, पुन्हा लग्न करेपर्यंत, त्याखाली मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये ठरवून दिलं की दोघांनीही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. त्या प्रतिज्ञापत्रात फंड आणि विमा आला की नाही, हे स्वतः वाचून पाहा.

आता उलट बाजू. माझ्या वतीने आधी जी मागणी कोर्टात गेली, ती थेट पगार जप्त करा अशी होती. लष्कर कायद्याच्या कलम 28 ने दिवाणी कोर्टाच्या हुकमावरून फौजीचा पगार जप्त करता येत नाही. त्यात बरेच दिवस गेले. योग्य रीत अशी: कोर्टाने पोटगी ठरवली की हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल युनिटला आणि रेकॉर्ड ऑफिसला पोच मिळेल अशा टपालाने पाठवायची, आणि कलम 91 प्रमाणे कपात करा असं सोबत लिहायचं. रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणे असतं. गार्ड्सचं कामठीला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. नवऱ्याचा आर्मी नंबर, रँक आणि युनिटचा पत्ता एका वहीत लिहून ठेवा. भांडण सुरू झाल्यावर हे कोणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट तर लग्नाच्या वर्षीच बघायची. लग्न झालं की युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर निघते आणि बायकोचं नाव त्याच्या नोंदीत चढतं. मूल झालं की पुन्हा तसंच. माझ्या वेळी ते झालंच नव्हतं. मांडवात पाचशे माणसं जेवली, पण फौजेच्या लेखी मी नव्हतेच. अर्जाला उत्तर आलं की या नावाची पत्नी नोंदीत नाही. मग लग्न नोंदणीचा दाखला, मुलीचा जन्मदाखला असं सगळं जमवत बसले. खेड्यात नोंदणी ग्रामपंचायतीत होते, शहरात नगरपरिषदेत. पोरीचं लग्न फौजीशी लावणाऱ्या बापाने हुंडा-मानपान सोडून द्यावं आणि लग्न नोंदणीचा दाखला व पार्ट टू ऑर्डर हे दोन कागद मागावेत.

घटस्फोटाची नोटीस परराज्यातून आली. आम्ही शेवटी फॅमिली क्वार्टरमध्ये एकत्र राहिलो, त्या गावच्या कोर्टातून. शेजारची म्हणाली, "घेऊच नको, परत पाठव." असं करू नका. नोटीस नाकारली की ती मिळाली असंच धरतात आणि दावा एकतर्फी निकाली निघतो. तो उघडायला जेमतेम तीस दिवस असतात. नोटीस घ्या, तारखेला वकील उभा करा, आणि खटला आपल्या जिल्ह्यात आणायचा अर्ज करा. दुसऱ्या राज्यातला असेल तर सर्वोच्च न्यायालयात, महाराष्ट्रातलाच असेल तर उच्च न्यायालयात. लहान मूल आणि कमाई नसलेली बाई असेल तर कोर्ट सहसा ऐकतं. स्वतः दावा लावणार असाल, तर 2003 च्या दुरुस्तीपासून बायको जिथे राहते तिथेच तो लावता येतो.

रागाच्या भरात मात्र सीओ साहेबांना पत्रांमागून पत्रं लिहू नका. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका लष्करी अधिकाऱ्याला घटस्फोट दिला, कारण बायकोने वरिष्ठांकडे आणि इतरत्र केलेल्या तक्रारींनी त्याच्या नोकरीचं आणि अब्रूचं नुकसान झालं, ती मानसिक क्रूरता ठरली. मारहाण झाली असेल तर ती लपवायची नाही. त्यासाठी पोलीस ठाणं आणि 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. त्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेट मालकालाही रक्कम परस्पर बाईला द्या असं सांगू शकतो. पण युनिटला लिहिताना खर्च आणि मुलं, एवढंच लिहावं.

संमतीने फारकत घ्यायची ठरली तर घाई फार होते. ठरावीक लाखांचा आकडा पुढे ठेवतात आणि सही मागतात. सही करायच्या आधी समजून घ्या की घटस्फोटित बाईला फॅमिली पेन्शन मिळत नाही. कँटीन, लष्करी दवाखाना, सगळं त्या दिवशी सुटतं. मुलांचा हक्क सुटत नाही. तेव्हा आकडा ठरवताना आयुष्यभराचा दवाखाना त्यात धरला आहे का, ते विचारा. संमतीच्या फारकतीत कोर्टापुढे दोनदा अर्ज होतो; दुसऱ्या अर्जाच्या वेळी रक्कम हातात असावी, आणि हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते हेही लक्षात असू द्या. मला वाटतं, ज्या बाईला लगेच दुसरा संसार मांडायचा नाही, तिने न्यायिक विभक्ततेचा विचार वकिलापुढे जरूर काढावा. त्यात लग्न कायद्याने टिकून राहतं.

जवानांच्या बाजूनेही सांगितलंच पाहिजे. सरहद्दीवर असलेल्या पोराला तारखेसाठी सुट्टी मिळत नाही आणि इकडे दावा चालतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत सैनिकांसाठी 28 वा आदेश आहे. सुट्टी मिळत नसेल तर सीओसमोर लेखी अधिकारपत्र देऊन भावाला किंवा बापाला खटला चालवायला देता येतो. युद्धाच्या किंवा खास परिस्थितीतल्या नोकरीत असेल तर 1925 च्या सैनिक दावा कायद्याने खटला थांबवून घेता येतो. आणि निकाल लागला म्हणून लगेच मांडव घालू नये. अपिलाचे नव्वद दिवस जाऊ द्यावेत. पहिलं लग्न उभं असताना दुसरं केलं तर फौजेत नोकरी जाऊ शकते आणि दुसऱ्या बायकोला पेन्शनही मिळत नाही, तिची तर दुहेरी फसवणूक.

पैशाअभावी थांबू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला, तिची मिळकत कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. जुलै 2025 पासून सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू झाली आहे, तिची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा. जाताना लग्नाचा दाखला, मुलांचे दाखले, नवऱ्याचा आर्मी नंबर, पासबुक आणि आजवर युनिटशी झालेला पत्रव्यवहार तारखेप्रमाणे लावून न्या. नवरा पेन्शनवर कधी येणार तो महिना ठाऊक असेल, तर तो पहिल्याच पानावर लिहा.