सबवूफर का जळाला?



पाटोद्याच्या एका विद्यार्थ्याने स्नेहसंमेलनासाठी घरीच सबवूफर तयार केला. प्लायवुडची बंद पेटी, 60 वॉट क्षमतेचा व 8 ओहम रोधाचा स्पीकर आणि 50 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे वर्धक. ‘वर्धक स्पीकरपेक्षा लहान आहे, काळजी नको,’ असे मीच त्याला सांगितले होते. नाचाच्या वेळी कोणीतरी आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले. थोड्याच वेळात जळका वास आला आणि खर्ज बंद पडला. माझा सल्ला चुकला होता. तो कोठे चुकला ते पाहू.

स्पीकरमध्ये चुंबकाच्या फटीत तारेचे एक वेटोळे असते. ते कागदी शंकूला चिकटवलेले असते. वेटोळ्यातून बदलती विद्युत्‌धारा गेली की शंकू पुढेमागे हलतो व हवेत ध्वनिलहरी निर्माण होतात. परंतु दिलेल्या शक्तीपैकी साधारण एक टक्काच ध्वनीत उतरते. बाकीची बहुतेक वेटोळे तापवण्यात जाते.

आता हिशेब करा. वर्धक जास्तीत जास्त V इतका दाब देऊ शकतो असे समजू. नितळ ज्या-तरंगाची सरासरी शक्ती V²/2R असते. पण बटण फार फिरवले तर तरंगाचे शेंडे कापले जातात व तो चौकोनी होऊ लागतो. पूर्ण चौकोनी तरंगाची शक्ती V²/R, म्हणजे दुप्पट! आमचा 50 वॉटचा वर्धक अशा वेळी 100 वॉटपर्यंत शक्ती देत होता. स्पीकर उघडला तेव्हा वेटोळे काळे पडून तुटलेले आढळले.

दुसरा धोका शंकूच्या हालचालीचा. तितकाच मोठा आवाज हवा असेल, तर वारंवारता निम्मी होताच शंकूला चौपट हलावे लागते. 80 हर्ट्‌झला 1 मिलिमीटर, तर 40 ला 4 आणि 20 ला 16 मिलिमीटर! इतके हलणे बहुतेक स्पीकरना झेपत नाही. शंकू फाटतो किंवा वेटोळे मागे आपटून वाकते. बंद पेटीतील हवा स्प्रिंगसारखी शंकूला आवरते. भोक असलेल्या पेटीत, ती ज्या वारंवारतेला जुळवलेली असते तिच्या खाली, हा आधार सुटतो. म्हणून नवशिक्यांनी बंद पेटीच करावी.

दुसऱ्यांदा आम्ही तीन उपाय केले.

1. वर्धकाच्या प्रवेशाचा रोध 22 किलोओहम होता. त्याच्या आधी 0.22 मायक्रोफॅरडचे धारित्र जोडले. 1/(2πRC) या सूत्राने सुमारे 33 हर्ट्‌झ येतात. त्याखालील कंपने क्रमाने क्षीण होतात. 16 हर्ट्‌झला दाब निम्म्याहूनही कमी राहतो.

2. स्पीकरच्या तारेत 2 अँपिअरचा फ्यूज घातला. I²R नुसार ही मर्यादा 32 वॉटची झाली. ध्यानात ठेवा, फ्यूज वितळायला वेळ लागतो. तो उष्णतेपासून वाचवतो. शंकूच्या एखाद्या जोरदार धक्क्यापासून नव्हे.

3. मोबाइलचा आवाज पूर्ण ठेवून, पूर्ण तीव्रतेने नोंदलेला 50 हर्ट्‌झचा सूर काही सेकंदच वाजवला. स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने प्रत्यावर्ती दाब मोजला. तो 16 व्होल्ट होताच बटण थांबवले आणि तेथे रंगाची खूण केली. 16²/8 म्हणजे पुन्हा 32 वॉटच. गाण्याचा तरंग मुळातच चौकोनी असला, तर या खुणेवरही शक्ती साधारण दुप्पट होऊ शकते.

वर्धकाचे झाकण काढून काम करताना विजेची पिन आधी उपसा व थोडा वेळ थांबा. आतल्या मोठ्या धारित्रांत विद्युत्‌भार शिल्लक असतो.

पुढच्या संमेलनात तोच वर्धक, तशीच पेटी आणि नवा स्पीकर कार्यक्रम संपेपर्यंत वाजला. खुणेपुढे बटण न्यायचे नाही, हे मुलांनीच एकमेकांना बजावले.

आता तुमच्यासाठी प्रश्न: याच वर्धकाला 4 ओहमचा स्पीकर जोडला आणि दाब 16 व्होल्टच ठेवला, तर धारा व शक्ती किती होईल? 2 अँपिअरचा फ्यूज टिकेल का? उत्तर काढा आणि मगच तारा जोडा.