काळजी करणें आणि काळजी घेणें

वाचनाचा भाग : मत्तय ६:२४-३४, फिलिप्पै ४:४-७
मुखोद्गत करण्याचें वचन : १ पेत्र ५:७



आपल्या मराठी भाषेंत एकाच शब्दाचे दोन उपयोग आहेत. आई आजारी लेकराची काळजी घेते, आणि तीच आई त्याच लेकराची काळजी करिते. शब्द एकच, परंतु काळजी घेतांना तिचे हात कामांत असतात, आणि काळजी करितांना तेच हात कपाळाला लागलेले असतात. पहिलीनें लेकराच्या पोटांत औषध जातें. दुसरीनें कोणाच्याही पोटांत कांहीं जात नाहीं. प्रभु येशूनें मनाई केली आहे ती काळजी करण्याची, काळजी घेण्याची नव्हे, हें आजच्या पाठांत आपणांस पाहावयाचें आहे.

१. ही शिकवण कोणास दिली?

डोंगरावरील प्रवचन ऐकावयास गालीलांतून आलेल्या समुदायांत रोजच्या कमाईवर पोट भरणारे पुष्कळ असले पाहिजेत. त्या काळच्या मजुराची स्थिति मत्तय २० मधील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून समजते. एका दिवसाची मजुरी एक दीनार. आणि कित्येक जण दिवस कलूं लागला तरी कामाविना उभेच. अशांच्या घरीं अन्नवस्त्राचा प्रश्न रोज पहांटे उठत असे. तेव्हां, ही शिकवण पोट भरलेल्यांसाठीं आहे, असें कोणीं म्हणूं नये.

आतां हें पाहा कीं, २५ वें वचन मागील वचनाला जोडून आलें आहे, आणि त्या वचनांत दोन धन्यांची गोष्ट आहे. ज्याचें मन देवाकडे व धनाकडे अशा दोहोंकडे ओढलें जातें, त्याला स्वस्थता कोठून मिळणार? दोन बैल दोन दिशांना ओढूं लागले म्हणजे जूं मोडतें. गरिबीनें काळजीला निमित्त मिळतें, परंतु तिचें मूळ या ओढाताणींत आहे. म्हणूनच ती भरल्या घरांतही आढळते.

२. पाखरें आणि गवत

पाखरें पेरीत नाहींत व कोठारांत साठवीत नाहींत, हें प्रभूनें दाखविलें. परंतु तीं घरट्यांत चोच वासून बसून राहत नाहींत. तांबडें फुटतांच तीं ज्वारीच्या शेतावर उतरतात, हें राखण करणारास पक्कें ठाऊक आहे! तीं दिवसभर धडपड करितात. मात्र उद्यांच्या दाण्याचें ओझें पंखांवर घेऊन उडत नाहींत.

रानांतील गवत आज आहे व उद्यां भट्टींत पडतें, असेंही प्रभूनें सांगितलें. त्या देशांत सरपण थोडें असल्यामुळें लोक वाळलेलें गवत जाळून भाकर भाजीत, जशा आपल्याकडील बाया तुराट्या व पऱ्हाट्या चुलींत घालीत आल्या आहेत. जो अशा दोन दिवसांच्या गवताला फुलांनीं सजवितो, तो आपल्या लेकरांस विसरेल काय?

पुढें २७ व्या वचनांत प्रभु सरळ हिशेब विचारतो. काळजी करून आजवर कोणाच्या आयुष्यांत भर पडली आहे? रात्रभर जागल्यानें कोणाच्या शेतावर ढग आला आहे? ढग येत नाहीं. सकाळीं औत धरणारा हात मात्र थकलेला असतो.

३. काळजी घेणें हा अविश्वास नव्हे

उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायांत योसेफानें सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा साठविण्याची मसलत दिली. ती देवाचीच बुद्धि होती. तेव्हां बियाणें राखून ठेवणें, पिकाचा विमा उतरविणें, कर्जाचा हिशेब लिहिणें, मुलीच्या शिक्षणासाठीं थोडथोडें बाजूला टाकणें, यांपैकीं कांहींही विश्वासाला बाधक नाहीं.

पौलाचें पत्रही पाहा. तो बंदींत असतां फिलिप्पैच्या मंडळीस लिहितो, आणि ४:६ मध्यें कशाचीही चिंता करूं नका असा बोध करितो. परंतु २:२० मध्यें तीमथ्याला मंडळीविषयीं खरी कळकळ आहे, म्हणून त्याची वाखाणणी करितो. मूळ ग्रीक भाषेंत या दोन्ही ठिकाणीं क्रियापद एकच आहे! चुलींतला विस्तव भाकर भाजतो. तोच छपराला लागला तर घर जाळतो. मनाची हीच शक्ति स्वतःभोंवतीं फिरूं लागली म्हणजे चिंता होते, आणि शेजाऱ्याकडे वळली म्हणजे सेवा होते.

४. केडगांवची साक्ष

पंडिता रमाबाईंना दुष्काळ म्हणजे काय हें ऐकून ठाऊक नव्हतें. १८७४ च्या सुमारास त्यांचे आईवडील दुष्काळाच्या हालअपेष्टांतच वारले होते. १८९६-९७ मध्यें मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां त्या स्वतः तेथें गेल्या आणि निराधार मुली व विधवा यांना शेंकड्यांनीं आपल्याकडे घेऊन आल्या. पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें त्यांचें मुक्तिसदन उभें राहिलें. एवढ्या तोंडांना उद्यां काय घालावें, हा प्रश्न रोजचा होता. बाईंनीं प्रार्थना केली, आणि विहिरीही खणविल्या. मुली शेती, विणकाम व छापखान्याचें काम शिकल्या. गुडघे टेकणें व कुदळ उचलणें यांत त्यांनीं विरोध मानिला नाहीं.

विश्वासामुळें दुःख टळतें, असेंही त्यांच्या चरित्रावरून म्हणतां येत नाहीं. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी बाईंनीं पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचें काम सोडिलें नाहीं. तें शेवटास नेऊन १९२२ च्या एप्रिलांत त्यांनीं देह ठेविला. दुःख त्यांच्या दारीं आलें. परंतु त्या दुःखाला घराचें धनीपण मिळालें नाहीं.

५. आपण काय करावें?

पहिली गोष्ट, काळजीचे दोन वाटे करा. जें आज आपल्या हातीं आहे तें एकीकडे, व जें नाहीं तें दुसरीकडे. पहिल्या वाट्याला हात घाला. दुसरा वाटा नांव घेऊन देवापुढें ठेवा. "देवा, सर्व बरें कर" एवढ्यानें भागवूं नका. कोणाचें देणें, किती व केव्हांचें, हें बापाला सांगण्याची लाज कसली?

दुसरी गोष्ट, मागण्यांबरोबर उपकारस्तुति करा. पौल तेथें जें वचन देतो, तें मागितलेलें सर्व मिळेल असें नाहीं. देवाची शांति तुमच्या अंतःकरणावर पहारा करील असें आहे. मूळ शब्द शिपायांच्या पहाऱ्याचा आहे. संकट दाराबाहेर उभें असेल. परंतु आंतील माणूस निजूं शकेल.

तिसरी गोष्ट मंडळीसाठीं आहे. विदर्भ व मराठवाडा येथें कर्ज व नापिकी यांच्या घोरानें कित्येक शेतकऱ्यांनीं स्वतःचा जीव दिला आहे. जो भाऊ अबोल झाला, जेवेनासा झाला, उपासनेस येईनासा झाला, त्याला "विश्वास ठेव" एवढें सांगून परत फिरूं नका. गलती ६:२ प्रमाणें त्याच्या ओझ्याला खांदा द्या. त्याच्या घरीं बसा, त्याला एकटें सोडूं नका, कागदपत्रें घेऊन त्याच्याबरोबर बँकेंत जा. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल किंवा जगणें नको असें बोलणें निघत असेल, तर तो आजार समजून त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे न्या. तापाचें औषध घेणें हा अविश्वास नाहीं. मनाच्या आजाराचें घेणें हाही नाहीं.

पेत्राच्या वचनाचा मथितार्थ हाच आहे कीं, काळजी करण्याचें ओझें आपण देवावर टाकावें, कारण आपली काळजी घेणारा तो आहे. तो पुष्कळदां ती तुमच्याआमच्या हातांनीं घेतो. तेव्हां या आठवड्यांत ज्याच्या दारीं जाण्याचें आपण टाळीत आलों, त्या एका घरीं प्रत्येकानें जावें.

कुटुंबांत विचार करण्याकरितां प्रश्न

१. आपल्या घरांतील कोणती काळजी "करण्याची" आहे व कोणती "घेण्याची"?
२. पाखरांच्या दृष्टान्तावरून आळस करण्यास आधार मिळतो काय? कां नाहीं?
३. आपल्या मंडळींत सध्यां कोणाचें ओझें एकट्याला न पेलणारें आहे?